नटाखाली रंग नको

मासळीची गाडी मागच्या चाकांवरून ओळखू येते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बर्फात घातलेली मासळी घेऊन ट्रक आंबा घाट चढतो, तेव्हा हौद्यातून खारं पाणी गळत असतं. ते मागच्या जोडचाकांवर पडतं, दोन रिमांच्या मधल्या फटीत उतरतं आणि ब्रेक तापले की तिथंच आटून मीठ मागे ठेवतं. पुन्हा पाणी, पुन्हा ताप, पुन्हा मीठ. बाहेरच्या रिमवर तांबूस ओघळ तेवढे दिसतात. आतली रिम काढून पाहिली तर गंजाचे पापुद्रे नखानं सुटतात.

अशाच एका सहाचाकी गाडीच्या रिमा कोल्हापुरात नव्यानं रंगवल्या जात होत्या आणि ते काम मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळून पाहता आलं. गाडी आठ वर्षांच्या पुढची, म्हणजे पासिंग दरवर्षी. पासिंगच्या तोंडावर केबिनला, हौद्याला रंग लागतो आणि त्याच हातानं रिमांवरही सिल्व्हरचा एक हात फिरतो. टायर चढवलेलाच असतो, नटही जागेवरच असतात, रबरावर थोडे शिंतोडे उडतात. रस्त्यावरच्या बहुतेक ट्रकच्या रिमा अशाच रंगतात. या वेळी मालकांनी मनावर घेतलं होतं. स्टेपनी धरून सातही रिमा टायरमधून मोकळ्या करायच्या आणि नीट करायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचा रंगही ठरलेला होता.

“पावडर कोटिंग करून टाकू मिस्त्री. काळं, चकचकीत. एकदाच काय तो खर्च.”

मिस्त्रींनी हो-नाही काही म्हटलं नाही. “आधी रिम चालण्यासारखी हाय का बघू या मालक. रंगाचं मग बघू.”

या गाडीला १०.००-२० चे ट्यूबवाले टायर. त्यांची रिम एकसंध नसते. मुख्य रिम, तिच्या कडेवर बसणारी रिंग आणि त्या रिंगेला धरून ठेवणारी, एका जागी चिरलेली लॉक रिंग, असे तीन तुकडे. लॉक रिंग रिमच्या कडेला कोरलेल्या खाचेत बसते. टायरमध्ये १०० पौंडांच्या वर हवा भरली की त्या हवेचा सगळा जोर रिंगेवर येतो आणि रिंगेला थोपवते ती ही खाच. खाच गंजानं खाल्लेली असेल, लॉक रिंग पुरती बसली नसेल, तर हवा भरताना ती सुटून बंदुकीच्या गोळीसारखी उडते. याच्या कहाण्या नाहीत असं टायरवाल्याचं दुकान सापडणार नाही, आणि त्यांतल्या पुष्कळ कहाण्या मृत्यूच्या आहेत. म्हणून रिमला कुठला रंग, हा प्रश्न मला दिसण्याचा वाटत नाही. या खाचेत किती जाडीचा थर बसणार, नटाखाली काय राहणार आणि उद्या तडा गेला तर तो डोळ्यांना दिसणार की नाही, हे तो रंग ठरवतो.

मिस्त्रींनी प्रत्येक रिमच्या बोल्टच्या भोकांभोवती वायर ब्रश फिरवून लोखंड उघडं केलं. मग चिंधीनं डिझेल लावलं. थोडा वेळ जाऊ दिला, कोरड्या फडक्यानं जागा खरडून पुसली आणि वरून खडूची पूड चोळली. पूर्वी हे रॉकेलनं करत, आता रॉकेल सहज मिळत नाही. तडा असेल तर त्यात मुरलेलं डिझेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. सहा रिमांवर काही उमटलं नाही. सातव्या रिमवर, आतल्या बाजूची होती ती, दोन भोकांच्या मधे केसाएवढी रेघ हळूच वर आली. मालक वाकून बघत राहिले. भरून घेता येईल का, वेल्डिंग मारून, असं त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी मान हलवली. या जागी वेल्डिंग केलं की तापलेल्या लोखंडाच्या कडेनं नवा तडा सुरू होतो, आणि तो जुन्याहून लवकर पळतो. ती रिम त्यांनी बाजूला टाकली नाही, गॅस कटरनं तिचे तिथल्या तिथं दोन तुकडे केले. अख्खी रिम भंगारात गेली तर कोणीतरी ती स्वस्तात उचलतो, वर सिल्व्हर मारतो, आणि ती पुन्हा रस्त्यावर येते.

ही तपासणी ब्लास्टिंगच्या आधी का, हे मी विचारलं. स्वच्छ लोखंडावर तडा अधिक चांगला दिसायला हवा, असा माझा समज होता. पण शॉट ब्लास्टिंगमध्ये पोलादाचे बारीक गोळे वेगानं आदळतात आणि बारीक तड्याचं तोंड ठोकून बुजवतात. मग त्यात डिझेलही शिरत नाही.

शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्र्या खूप, त्यामुळे शॉट ब्लास्टिंगही सहज होतं. ओतकामावरची वाळू काढायला जी यंत्रं लागतात त्यांतच रिमा टांगून घेतात. काही ठिकाणी अजून उघड्यावर कोरडी वाळू मारतात. ती टाळावी, कारण त्या धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसात जाऊन बसते आणि माणूस कायमचा दम्यासारखा धापत राहतो. स्वस्त ब्लास्टिंगची ती किंमत काम करणारा पोरगा मोजतो.

ब्लास्टिंग होऊन आलेल्या रिमा राखाडी, कोऱ्या आणि हाताला खरखरीत होत्या. या खरखरीवरच पुढचा थर धरतो. पण असं उघडं लोखंड पावसाळी हवेत काही तासांतच तांबूस होऊ लागतं. उघड्या हातानं धरलं तर घामाचे ठसेसुद्धा गंजून उमटतात. म्हणून रंगाचा निर्णय आता लगेच करायला हवा होता.

पावडर कोटिंगची बाजू कमकुवत नाही. विजेचा भार दिलेली कोरडी पावडर लोखंडाला चिकटते, मग रिम १८० ते २०० अंशांच्या भट्टीत जाते, पावडर वितळून एकसंध होते आणि घट्ट बसते. थिनर नाही, वास नाही, ओघळ नाही. ६० ते ८० मायक्रॉनचा चिवट थर मिळतो. सपाट पत्र्याला, खिडकीच्या गजांना, कपाटांना याहून चांगलं काही नाही. मात्र विजेचा भार कोपऱ्यांत नीट पोहोचत नाही. आत वळलेल्या जागेच्या कडांवरच पावडर जमते आणि तळ उपाशी राहतो. याला फॅरेडेच्या पिंजऱ्याचा परिणाम म्हणतात. रिमचे असे कोपरे म्हणजे लॉक रिंगेची खाच आणि डिस्क रिमला जोडलेल्या सांध्याची आतली कड. मीठ साचतं तेही इथंच. शिवाय जुन्या सांध्यात वर्षानुवर्षांचं तेल आणि गंज दडलेला असतो. भट्टीत तो तापून वाफ सोडतो आणि वरच्या थरावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. अशा एका छिद्रातून खारं पाणी आत गेलं की ते थराखालून पसरतं. वरून रिम काळी, चकचकीत; आत गंज. आणि दगड लागून टवका उडाला तर ड्रायव्हर वाटेत ब्रशनं तो बुजवू शकत नाही.

कारखान्यातून येणारी नवी रिम गंजत का नाही, असं मालकांनी मधेच विचारलं. प्रश्न योग्य होता. तिथं रिम रंगाच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या जोरावर रंग लोखंडावर बसवतात. पाणी जिथं शिरतं तिथं तो रंग शिरतो, खाचेत, सांध्यात, सगळीकडे. आणि हा थर असतो २०-२५ मायक्रॉनचा. पावडरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. रिमवर जाड म्हणजे टिकाऊ नव्हे, हे मला या एका तुलनेनं जेवढं पटलं तेवढं कशानंच पटलं नसतं.

नेहमीचा मार्ग म्हणजे रेड ऑक्साईड आणि वर सिल्व्हर इनॅमल. कमी खर्चाचा, कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळणारा, गन नसेल तर ब्रशनंही होणारा. सिल्व्हरमधले ॲल्युमिनियमचे कण चपटे असतात, ते एकमेकांवर आडवे पडतात आणि पाण्याची वाट लांबवतात. घाटात ब्रेक तापतात तेव्हा हा रंग इतरांपेक्षा जास्त टिकतो. ऊस किंवा सिमेंट वाहणाऱ्या गाडीला मी हेच सुचवेन, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा मारायला सांगेन. पण रेड ऑक्साईड हा नुसता आडोसा आहे. तो फुटला की खालचं लोखंड उघडं पडतं, आणि मिठाच्या पाण्यापुढे आडोसा फार वेळ टिकत नाही.

म्हणून या रिमांना जस्ताचा इपॉक्सी प्रायमर ठरला. त्यात जस्ताची पूड इतकी ठासून असते की डबा उचलताना हात खाली जातो. ओरखडा पडला तर लोखंडाऐवजी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. पण त्याच्यावर साधं इनॅमल चालत नाही. तेलाच्या रंगाची जस्ताशी प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि काही महिन्यांत रंग पापडीसारखा सुटतो. रंगाच्या दुकानात हे कोणी सांगत नाही. म्हणून मधे साधा इपॉक्सी आणि वर हार्डनर मिसळून मारायचा पीयू. पीयूचा हार्डनर श्वासाला फार वाईट, त्याचा दमा जडतो. मिस्त्रींनी कार्ट्रिजचा मास्क लावला आणि मदतनीस पोराला शेडबाहेर घालवलं.

रंगाची छटा मात्र मिस्त्रींनी ठरवली नाही, मालकांनीही नाही. ती ड्रायव्हरनं ठरवली. “काळ्यावर मला काय दिसणार मालक? रात्री चहाला थांबलो की मी बॅटरी मारून चाकं बघतो.” नट सैल झाला की रिम त्याच्याखाली घासते आणि त्यातून तांबूस पूड बाहेर येते. पावसात तिचे नटापासून बाहेर जाणारे ओघळ होतात. तड्यातूनही तशीच तांबडी रेघ झिरपते. फिकट राखाडी रंगावर ती लांबून दिसते, काळ्यावर जवळूनही नाही. नटांवर चमकत्या स्टीलच्या टोप्या बसवतात, त्यांच्याबद्दलही मला हेच वाटतं. ज्या जागेकडे रोज बघायला हवं तीच जागा त्या झाकतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जिथं रंग लावायचाच नाही ती जागा. मागच्या जोडचाकात ड्रम, आतली रिम, बाहेरची रिम आणि नट असे एकावर एक दाबून बसतात. प्रत्येक रिमच्या दोन्ही तोंडांवर ८० मायक्रॉनचा थर धरला तर दोन रिमांत ३२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाजवळ मऊ पदार्थ दोन पोलादांच्या मधे येतो. नट आवळला की बोल्ट ताणला जातो आणि त्या ताणावरच चाक टिकतं. पण तो ताण मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांचा असतो. भार आणि उष्णता यांनी मधला रंग दबला, पिळून बाहेर आला की ताणही गेला. नट पान्याला घट्ट लागलेला असूनही पन्नास-शंभर किलोमीटरवर सैल होतो. चाक निखळण्याच्या मागे पुष्कळदा हे कारण असतं, आणि दोष मात्र नट आवळणाऱ्या पोराला लागतो.

मिस्त्रींनी जुन्या ट्यूबमधून रबरी चकत्या कापल्या होत्या. नट बसतो त्या प्रत्येक गोल जागेवर एक चकती, आतून खिळा घालून धरलेली. रिमची तोंडं एकमेकांना भिडतात तिथं जस्ताचा एकच पातळ हात, इपॉक्सी नाही आणि पीयूही नाही. ग्रीस मात्र अजिबात नाही. लॉक रिंगेच्या खाचेतही फक्त तो पातळ हात. मारून झाल्यावर त्यांनी खाचेतून बोट फिरवलं, कुठं गोळा राहिलाय का ते पाहण्यासाठी. मग नवी लॉक रिंग नुसती बसवून तिच्या दोन टोकांमधली फट पाहिली. टायर चढल्यावर चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरली, पोराला पाईपची लांबी राखून बाजूला उभं केलं. भंगार झालेल्या रिमच्या जागी वापरलेली पण तपासलेली दुसरी रिम घेतली. तिलाही तेच सगळं केलं.

एकसंध, ट्यूबलेस चाक असतं तर माझं मत वेगळं असतं. तिथं खाचच नसते, आणि तोंडं व नटाच्या जागा झाकून मारलेली पावडर चांगली चालते. पण तीन तुकड्यांच्या जुन्या रिमला, मिठाच्या आणि घाटाच्या गाडीला ती नको.

कोल्हापूर सोडल्यावर पन्नासेक किलोमीटरवर मलकापूर लागतं, घाट त्याच्या पुढे. मिस्त्रींनी ड्रायव्हरकडून तिथं थांबायचं कबूल करून घेतलं होतं आणि मी त्या गाडीत होतो. गाडी रिकामी होती. ड्रायव्हरनं टॉर्क पाना काढला आणि नट समोरासमोरच्या क्रमानं तपासत गेला. पुढच्या दोन्ही चाकांचे आणि मागच्या उजव्या जोडचाकाचे नट जागचे हलले नाहीत. मागच्या डाव्या जोडचाकाचे दोन नट थोडे फिरले. त्यानं जॅक लावून बाहेरचं चाक उतरवलं. एका भोकाजवळ, रबरी चकती सरकून पीयूचा ओघळ आत गेला होता, आणि दाबानं तो कागदासारखा चपटा झाला होता. ब्लेडनं तो खरवडला, लोखंड उघडं होईपर्यंत पॉलिश पेपर मारला, चाक पुन्हा चढवलं. परतीच्या वाटेवर, मासळी भरून झाल्यावर आणि घाट चढण्याआधी, साखरप्याला पुन्हा पाना लावायचा असं त्यानं तिथंच सांगून टाकलं, आणि क्लीनरला त्या चाकावर खडूनं खूण करायला लावली.