मुक्या यंत्राच्या कानात परवलीचा शब्द

दारातला आकाशकंदील ठरल्या वेळी आपोआप उजळावा, मळ्यातला पंप घरबसल्या फोनवरून चालू व्हावा, ही हौस आता कुणालाही भागवता येते. अशा करामतींच्या मुळाशी पुष्कळदा एक चिमुकले बिनतारी यंत्र असते. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ‘ईएसपी ८२६६’ ही स्वस्त चिप २०१४ साली जगभरच्या हौशी लोकांच्या हाती आली. तिच्यावर बेतलेली ‘ईएसपी-०१’ ही पट्टी टपालाच्या तिकिटाएवढी, आणि पाय अवघे आठ! वीज मात्र तिला ३.३ व्होल्टचीच मानवते.

गंमत अशी की, ही पाहुणी घरात आली तरी घरच्या वाय-फायचे नाव तिला ठाऊक नसते, परवलीचा शब्द तर नसतोच. तो सांगावा तरी कसा? तिला ना पडदा, ना कळफलक!

याचे दोन मार्ग आहेत. पहिला जाणकारांचा. तारेने संगणकाला जोडून चिपला ‘एटी’ अशी हाक मारायची. जागी असेल तर ती ‘ओके’ म्हणते. ही हाक १९८१ सालच्या हेज कंपनीच्या मोडेमपासून चालत आलेली आहे; ‘लक्ष द्या’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाची ती पहिली दोन अक्षरे. मग ‘सीडब्ल्यूमोड’ या हुकुमापुढे १ लिहिले की चिप पाहुणी होते, २ लिहिले की यजमान, ३ लिहिले की दोन्ही. ‘सीडब्ल्यूजॅप’ या हुकुमात जाळ्याचे नाव आणि परवलीचा शब्द दिला की काम फत्ते!

दुसरा मार्ग तुमच्या-आमच्यासाठी. नवे यंत्र आधी स्वतःच यजमान होऊन आपले छोटेसे जाळे पसरते. आपण फोनने त्यात शिरायचे, बहुधा १९२.१६८.४.१ हा पत्ता उघडायचा आणि समोरच्या पानावर घरच्या वाय-फायचे नाव व शब्द लिहायचा. मग यंत्र यजमानपद सोडून आपल्या राउटरकडे पाहुणे म्हणून जाते. तो शब्द त्याच्या स्मृतीत राहतो. वीज गेली तरी पुसला जात नाही.

इथे पुष्कळांचे घोडे अडते ते साध्याच गोष्टीवर. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ऐकते. राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्याचे नाव दिले, तर ती बिचारी शोधतच बसेल! शिवाय इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद ती काटेकोर पाळते.

मात्र वाचकहो, जोडणी झाली म्हणजे सारे झाले, असे नव्हे. ते तात्पुरते जाळे पुष्कळदा बिनकुलपाचे असते; तेवढ्या वेळात शेजारचा कुणीही आत डोकावू शकतो. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द तसाच ठेवला तर काय होते, हे २०१६ साली जगाने पाहिले. ‘मिराय’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने अशा साठेक ठरावीक जोड्या वापरून लोकांचे कॅमेरे नि राउटर काबीज केले. २१ ऑक्टोबरला त्यांच्या माऱ्याने अमेरिकेतील ‘डिन’ कंपनीची सेवा कोलमडली. ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अनेकांना उघडेनात. ती उपकरणे निराळी, पण धडा हाच.

तेव्हा कारखान्याचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करता येते. अशी यंत्रे तिथेच बसवावीत. आणि जुने यंत्र भंगारात देण्याआधी त्याची स्मृती आठवणीने पुसावी. नाहीतर घराची किल्ली आपणच भंगारवाल्याच्या पोत्यात टाकल्यासारखे व्हायचे!