पडघ्याची पाटी आणि देवनागरी अक्षराचे माप

ग्राफिक डिझाइन या विषयास आपल्या विद्यापीठीय शिक्षणात स्थान मिळाले. तथापि त्या विद्येचे मूलद्रव्य कोणते, याचा विचार पुरेसा झाला आहे असे म्हणवत नाही. चित्र, रंग, छायाचित्र ही तिची अंगे आहेतच. परंतु वाचावयाच्या मजकुरास दृश्य रूप देणे हे जर तिचे मुख्य कार्य असेल, तर अक्षर हेच तिचे मूलद्रव्य ठरते, आणि महाराष्ट्रात ते अक्षर प्रथमतः देवनागरी असावयास हवे. हे विधान एका साध्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचे येथे योजिले आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर भिवंडी तालुक्यातील पडघा हे गाव आहे. त्या परिसरात पडघा, भिवंडी, मुरबाड आणि खडवली अशी चार नावे असलेली एक पाटी उभारावयाची आहे, असे समजू. पाटी काल्पनिक आहे. गावे खरी आहेत.

ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 22 मीटर अंतर कापते. पाटी 100 मीटरांवरून वाचता येऊ लागली, तर चालकास साडेचार सेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत ‘पडघा’ हे नाव ‘पडधा’ असे वाचले जाणार नाही, याची हमी कोणी द्यावयाची? घ आणि ध यांतील भेद शिरोरेषेच्या एका लहानशा खंडावर आणि वळणावर अवलंबून असतो. अक्षर जाड केले, की तो खंड बुजतो. भिवंडीतील भ आणि म यांची गोष्ट तीच. खडवलीचा प्रश्न याहून जुना आहे. ख चे दोन अवयव तळाशी जोडलेले नसतील, तर ‘र’ आणि ‘व’ अशी दोन अक्षरे दिसू लागतात. ही अडचण लिपिसुधारकांना ठाऊक होती. लखनौ येथे 1953 साली भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेने ख तळाशी जोडावा आणि ध व भ यांना डोक्याशी स्पष्ट गाठ द्यावी, असा विचार स्वीकारला, तो याच कारणास्तव. त्या परिषदेची ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेण्याची सूचना लोकांनी मानली नाही, आणि ते योग्यच झाले. परंतु या अक्षररूपांचा लाभ आज प्रत्येक वाचकास होतो.

आता मापाकडे वळू. रोमन अक्षर पायरेषेवर उभे राहते, देवनागरी अक्षर शिरोरेषेस लटकते. रोमन मोठी अक्षरे घेतल्यास वर व खाली काही उरत नाही. ठरविलेली सर्व उंची अक्षराच्या देहास मिळते. देवनागरीस मात्र तीन मजले आहेत. मधल्या मजल्यावर अक्षराचा देह, वरच्या मजल्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार व रफार, आणि खालच्या मजल्यावर उकार. ‘पडघा’ या शब्दास वरचा व खालचा मजला लागतच नाही. ‘भिवंडी’ शिरोरेषेच्या वर चढते. ‘मुरबाड’ खाली उतरते. तिन्ही नावे एकाच पाटीवर सारख्या मापाची दिसावयाची असतील, तर वर-खाली जागा सर्वांसाठीच राखून ठेवावी लागते, आणि 30 सेंटीमीटरांच्या ओळीत अक्षराच्या देहास प्रसंगी जेमतेम निम्मी उंची उरते. शेजारी त्याच 30 सेंटीमीटरांत रोमन मोठी अक्षरे असली, तर ती जवळजवळ दुप्पट दिसतील.

हा केवळ वर्गातील प्रश्न नव्हे. दुकाने व आस्थापनांविषयीच्या महाराष्ट्राच्या 2017 च्या अधिनियमात 2022 साली दुरुस्ती झाली. तीनुसार नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असला पाहिजे, आणि त्यावरील मराठी अक्षरांचा आकार अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये या तरतुदीच्या पालनासाठी दोन महिन्यांचा अवधी दिला. हेतू स्तुत्य आहे. परंतु आकार मोजावयाचा कोठून कोठपर्यंत? वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजल्यास नियम पाळला जातो आणि मराठी अक्षर तरीही लहान दिसते. शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजल्यास फलकाची सर्व रचनाच बदलते. संगणकावर दोन्ही लिप्यांना एकच अंक दिला म्हणजे समता साधली, हा समज तर सर्वस्वी भ्रामक आहे.

असे प्रश्न सोडविण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. सर ज. जी. कलाशाळेत व्यावसायिक कलेचा विभाग 1935 साली सुरू झाला आणि 1961 साली उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली. मुंबईच्या आय.आय.टी.त औद्योगिक अभिकल्प केंद्र 1969 साली स्थापन झाले. तेथे अध्यापन करणारे र. कृ. जोशी (1936–2008) यांनी घडविलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज 2000 बरोबर घरोघर पोचला. त्यांच्याही आधी बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील त्रिखंडी ग्रंथ भाषा संचालनालयाने 1971 साली प्रसिद्ध केला. तो इंग्रजीत आहे, ही खंत बाजूस ठेवली तरी, पदव्युत्तर विद्यार्थ्याने तो चाळलेलाही नसावा हे समर्थनीय नाही. दुसरी परंपरा कलाशाळेबाहेरची आहे. नाटकांच्या शीर्षकांना रूप देणारे कमल शेडगे (1935–2020) कलाशाळेत शिकलेले नव्हते. खडूची दोरी मारून प्रथम शिरोरेषा आखणारा आणि मग अक्षर टांगणारा गावोगावचा पेंटरही याच परंपरेतला. छापील फ्लेक्स आल्यापासून त्याचे काम आटले, आणि त्याच्या हातातील मापे कोणी टिपून ठेवलेली नाहीत.

मराठीचे स्वतःचे काही आग्रह आहेत, तेही येथे येतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद केवळ रफाराच्या आणि अर्ध्या र च्या रूपावर उभा आहे. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने 2009 साली ती प्रमाण म्हणून घोषित केली. तरीही पुष्कळ टंकांत प्रथम हिंदी वळण उमटते. मराठी वळण टंकात असले, तरी ते मुद्दाम निवडावे लागते. पाठ्यपुस्तके बहुतांशी इंग्रजी, त्यांतील मापे रोमन एक्स या अक्षराच्या उंचीवरून घेतलेली. अशा स्थितीत ही निवड करावयाची असते हेच विद्यार्थ्यास उमगत नाही, यात नवल ते काय!

पडघ्याच्या पाटीवर एक प्रबंधिका सहज होऊ शकेल. चार नावे, तीन जाडी, शिरोरेषेपासून पायापर्यंतची दोन मापे. एवढे नमुने कापडावर रंगवून मोकळ्या मैदानात उभे करावेत, आणि निरनिराळ्या वयाच्या वाचकांना दुरून जवळ चालत येण्यास सांगावे. घ चा घ कितव्या मीटरावर झाला, आणि तोपर्यंत तो काय होता, याची नोंद तेवढी काळजीपूर्वक ठेवावी.