कारखाना मोजला, नदी राहून गेली

पाच लाख लिटर पाणी घेऊन मिरजेहून निघालेली दहा वाघिणींची आगगाडी १२ एप्रिल २०१६च्या पहाटे लातूरला पोचली. धनेगावचे मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते, आणि त्याच खोऱ्यात त्या हंगामात ऊस मात्र गाळला गेला होता. हे घडले ते कायदा नव्हता म्हणून काय? कायदा तर होता.

१९९१ साली आपण अर्थव्यवस्थेची दारे उघडली. त्याच सुमारास साम्यवादी राजवट टाकून दिलेल्या चेक भूमीनेही १९९२ मध्ये पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाचा कायदा केला. आपली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ची. जनसुनावणी सक्तीची झाली १९९७ मध्ये. पुढच्याच वर्षी साखर उद्योग परवान्यातून मोकळा झाला. २००६च्या अधिसूचनेनुसार रोज पाच हजार टन किंवा त्याहून अधिक ऊस गाळणाऱ्या कारखान्याला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. अडीच हजार टनांचा त्यातून सुटतो.

बरे, मंजुरीसाठी मोजतात काय? धूर, राख, सांडपाणी आणि कारखान्याला लागणारे पाणी. उसातच सत्तर टक्के पाणी असल्याने कागदावर कारखान्याची तहान फारशी दिसत नाही. खरे पाणी मुरते शेतात. लातूरचा पाऊस साधारण आठशे मिलिमीटर, उसाची गरज त्याच्या दुपटीहून अधिक. पण अभ्यास होतो तो बहुधा कारखान्याभोवतीच्या दहा किलोमीटरच्या वर्तुळात, एकेका प्रकल्पाचा सुटा. खोऱ्यात आधीच किती कारखाने आहेत आणि नदीत उरले किती, हा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो.

सुनावणीची जाहिरात तीस दिवस आधी वर्तमानपत्रात येते. जाडजूड अहवाल इंग्रजीत, मराठीत फक्त सारांश. समोर बसलेल्या शेतकऱ्याला कारखाना हवाच असतो, आणि त्याला दोष कसा द्यावा? ठरलेला भाव मिळण्याची खात्री देणारे दुसरे पीक त्याच्यापाशी आहे कुठे? पाण्यासाठी रांगेत उभी राहणारी लातूरची बाई त्या मांडवात नसते.

नांदेड जिल्ह्यातला बिलोलीचा माणूसही नसतो. मांजरा लातूर ओलांडून त्याच्याकडे जाते आणि मग गोदावरीला मिळते. पण वरच्या अंगाच्या कारखान्याची सुनावणी होते ती कारखाना असलेल्या जिल्ह्यात.