‘डिफेन्स’ म्हणजे नक्की काय? शब्द एकच, पण शेतात, कोर्टात आणि भरतीत अर्थ वेगवेगळे

कळंब (ता. आंबेगाव) : ‘पोरगा डिफेन्सची तयारी करतोय’, ‘वकील म्हणाले डिफेन्स चांगला आहे’, ‘आपल्या संघाचा डिफेन्स कमी पडला’, ‘सेल्फ डिफेन्समध्ये मारलं तर गुन्हा नाही’. ही चारही वाक्यं आपल्या गावात, पारावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमी ऐकायला मिळतात. शब्द एकच, पण चारही ठिकाणी अर्थ निराळा. एका ठिकाणचा अर्थ दुसरीकडे लावला, तर नुसती भाषेची चूक होत नाही. कधी त्यातून केस अंगावर येते, कधी तारीख हातची जाते. म्हणून हा शब्द जरा उलगडून बघू.

‘फेन्सिंग’ हे त्याच घरातलं

‘डिफेन्स’ हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मूळ अर्थ, अंगावर येणारं परतवून लावणं. मराठीत आपण ‘वारणे’ म्हणतो, त्याच्या जवळचा. गंमत म्हणजे आपण शेताला जे तारेचं ‘फेन्सिंग’ करतो, तो ‘फेन्स’ शब्द म्हणजे ‘डिफेन्स’चं पुढचं अक्षर गळून झालेलं रूप आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडात हा शब्द कधीचाच आहे.

कुंपण काय करतं? येणाऱ्याला बाहेर अडवतं. ते कुणाच्या मागे धावत नाही, कुणाला शिक्षा करत नाही. पुढं कायद्यातला ‘डिफेन्स’ समजून घेताना एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली, तरी निम्मं काम झालं.

आणि कुंपणाचीही हद्द असते. रानडुकरं अडवायला ठरावीक अंतरानं क्षणभर झटका देणारं सौर झटका मशीन वेगळं, आणि लाइनचा करंट थेट तारेत सोडणं वेगळं. दुसरा प्रकार बेकायदा आणि जीवघेणा आहे. अशा तारेला रात्री पाणी धरायला आलेला शेजारी चिकटला, तर ‘मी माझ्या पिकाचं संरक्षण करत होतो’ हे सांगून सुटका होत नाही. तार समोर कोण आलंय ते बघत नाही, म्हणून जबाबदारी तार लावणाऱ्यावर येते.

बिबट्या समोर आला तर

आंबेगाव, जुन्नर, शिरूर या पट्ट्यात उसाच्या फडात बिबट्याचा वावर आता नवा राहिलेला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात हल्ल्यांमध्ये माणसं गेली, लहान मुलं गेली. लोक महामार्गावर उतरले. अशा वेळी ‘आता आपणच बघून घेऊ, सेल्फ डिफेन्स आहे’ असे मेसेज फिरायला लागतात. त्यात किती खरं आहे?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ याबद्दल स्पष्ट आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्या कुठल्याही माणसाचा जीव वाचवताना, सद्भावनेनं, वन्यप्राणी जखमी झाला किंवा मेला, तर तो गुन्हा होत नाही. म्हणजे बिबट्यानं झडप घातली आणि तुम्ही हातातल्या कोयत्यानं, काठीनं वार केला, किंवा पोराला सोडवायला धावलात, तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. ही तरतूद आपल्या भागातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. घाबरून हात आवरायची गरज नाही.

पण त्याच कलमातले शब्द नीट बघा. तिथं ‘माणूस’ आहे. शेळी, वासरू, कोंबड्या, पीक नाही. गोठ्यातली शेळी नेली म्हणून दुसऱ्या दिवशी फास लावला, विष घातलेलं मांस टाकलं किंवा फड घेरून बिबट्या मारला, तर तो डिफेन्स नव्हे, शिकार. बिबट्या या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे. शेळी गेल्याचं दुःख खरंच असतं, पण तिथला उपाय पंचनामा आणि नुकसानभरपाई हा आहे. त्यासाठी मेलेलं जनावर जागचं न हलवता लगेच वन विभागाला कळवायचं. हेल्पलाइनचा नंबर १९२६.

आणखी दोन गोष्टी. ज्या वेळी बचाव करायची पाळी आली, त्या वेळी माणूस स्वतःच या कायद्याविरुद्ध काही करत असेल, उदाहरणार्थ शिकारीला गेलेला असेल, तर त्याला ही सूट नाही. आणि बचावात मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. त्याची नखं, दात, कातडं कुणी ठेवून घेतलं, तर आधीचा बचाव खरा असला तरी हा नवा गुन्हा होतो.

मग वन विभाग कधी कधी बिबट्याला गोळी घालतो ते कसं? तो प्रकार निराळा. प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे अशी खात्री पटल्यावर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देतात, त्यावरून ती कारवाई होते. ती परवानगी गावाला किंवा कुणा एकाला आपोआप मिळत नाही.

माणूस अंगावर आला तर

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यात स्वसंरक्षणाची कलमं ९६ ते १०६ होती, आता ती ३४ ते ४४ आहेत. आकडे बदलले, गाभा तोच आहे. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं, तसंच मालमत्तेचं रक्षण करायचा हक्क प्रत्येकाला आहे.

याची हद्द बांधावरच्या भांडणातून बघू. समजा बांध कोरल्यावरून बाचाबाची झाली आणि समोरचा कोयता घेऊन धावून आला. तुम्ही फावड्याच्या दांड्यानं त्याच्या हातावर मारलं, कोयता खाली पडला. इथपर्यंत तो बचाव. आता तो पळायला लागला आणि तुम्ही पाठलाग करून त्याच्या डोक्यात घातलं, तर तिथं बचाव संपला आणि हल्ला सुरू झाला. मघाशी जो फिर्यादी झाला असता, तो आता आरोपी.

कायदा मोटामोटी चार गोष्टी बघतो. धोका त्या क्षणी खरोखर होता का? धोका टळल्यावर हात थांबला का? जेवढी गरज होती तेवढंच बळ वापरलं का? पोलिसांकडे जायला सवड होती का? ‘त्यानं गेल्या यात्रेत मला मारलं होतं’ हे कारण यातल्या एकातही बसत नाही.

समोरच्याचा जीव जाईल इथपर्यंत हा हक्क काही ठरावीक प्रसंगांतच पोचतो. उदाहरणार्थ, आपला जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती, बलात्काराचा हल्ला, ॲसिडहल्ला, दरोडा, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी. मोटारीची केबल चोरणाऱ्याला अडवता येतं, पकडून पोलिसांच्या ताब्यात देता येतं. खांबाला बांधून मारता येत नाही. रात्रीच्या गस्तीसाठी गावोगावी ग्राम सुरक्षा दलं असतात. इंग्रजीत त्यांच्याही नावात ‘डिफेन्स’ आहे. पण त्यांचं काम जागं राहणं, अडवणं आणि ११२ वर कळवणं. शिक्षा देणं हे काम कोर्टाचं.

कोर्टातला ‘डिफेन्स’ म्हणजे तुमचं म्हणणं

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. कोर्टाचा इंग्रजी कागद आला की आपण फोनमध्ये त्याचं भाषांतर करून बघतो. ‘डिफेन्स’ला तिथं ‘संरक्षण’ असा शब्द आला, तर माणसाला वाटतं आपल्याला पोलीस संरक्षण मिळालं किंवा काढून घेतलं. पण कोर्टात डिफेन्स म्हणजे बचाव. आपल्यावरच्या आरोपाला किंवा दाव्याला आपण दिलेलं उत्तर.

फौजदारी खटल्यात एका बाजूला सरकार पक्ष असतो, दुसऱ्या बाजूला आरोपीचा बचाव पक्ष. गुन्हा शाबीत करायची जबाबदारी सरकार पक्षाची. पण ‘मी मारलं, ते स्वसंरक्षणासाठी’ असं म्हणायचं असेल, तर ते दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते. म्हणून झटापटीनंतर आधी दवाखाना आणि पोलीस ठाणं गाठायचं, आपल्या जखमांची नोंद करून घ्यायची, कुणी पाहिलं ते सांगायचं. आठ दिवसांनी आठवलेला बचाव कोर्टाला पटवणं अवघड जातं.

जमिनीच्या वाटपाचा, वहिवाटीचा दावा दिवाणी असतो. त्यात ‘डिफेन्स’ म्हणजे प्रतिवादीची लेखी कैफियत. समन्स बजावल्यापासून ती ३० दिवसांत द्यायची असते. रास्त कारण असेल तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं. त्यानंतर सर्वसाधारण दाव्यात सवलत मिळाली तर ती अपवाद म्हणूनच. ‘भावकीतलाच दावा आहे, बघू पुढं’ म्हणून समन्स फळीवर ठेवून दिलं, की एके दिवशी कळतं दावा एकतर्फी चाललाय. कागदात ‘डिफेन्स स्ट्रक ऑफ’ असं दिसलं, तर त्याचा अर्थ तुमचा बचाव काढून टाकला, म्हणजे तो कोर्ट आता विचारात घेणार नाही. अशा वेळी त्याच दिवशी वकिलाला भेटा.

वकिलाची फी झेपत नाही म्हणून गप्प बसू नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीतले नागरिक, अपंग व्यक्ती, कोठडीत असलेला माणूस, तसंच ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हेल्पलाइन १५१००.

डिफेन्सचा कोर्टातला आणखी एक अर्थ म्हणजे सुटकेसाठीचं कायदेशीर कारण. ‘मी ग्रुपवर टाकलं ते खरंच आहे’ हा त्यातलाच प्रकार. पण फौजदारी बदनामीच्या कलमात नुसतं खरं असणं पुरत नाही. ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. कुणाच्या घरातली खासगी गोष्ट खरी असली, तरी ती गावभर करायचा परवाना मिळत नाही.

देशाचा ‘डिफेन्स’ : संरक्षण

सैन्याच्या बाबतीत मात्र आपला शब्द ठरलेला आहे, संरक्षण. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, तेव्हा ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असं म्हटलं गेलं. खडकवासल्याची एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिथला प्रवेश केंद्रीय लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा, नंतर मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी यातूनच होतो.

रस्त्याकडेला पाटीवर ‘डिफेन्स अकॅडमी’ लिहिलेलं असतं ते मात्र बहुतेक वेळा खासगी प्रशिक्षण वर्ग असतात. त्यात गैर काही नाही, अनेक पोरं तिथं घाम गाळून भरती होतात. पण नावात ‘डिफेन्स’ आहे म्हणून ती सरकारी संस्था ठरत नाही. फी भरण्याआधी हे विचारून घ्या. आणि ‘डिफेन्समध्ये ओळख आहे, लावून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

याच अर्थाचा दुसरा शब्द नागरी संरक्षण. ७ मे २०२५ रोजी देशभर भोंगे वाजवून सराव झाला, तो याचाच. यात नागरिकाच्या हातात शस्त्र नसतं. दिवे मालवणं, आडोसा घेणं, जखमींना हलवणं, आग विझवणं हे काम असतं.

मैदानात आणि शरीरात

कबड्डीत चढाई करणारा एकटा आत येतो आणि समोरची फळी त्याची पकड करते, तो डिफेन्स. क्रिकेटमध्ये चेंडू नुसता अडवला, तोही डिफेन्स. डॉक्टर ‘बॉडीचा डिफेन्स कमी झालाय’ म्हणाले, तर ती रोगप्रतिकारशक्ती. शब्दाच्या स्पेलिंगमध्ये कुठं सी, कुठं एस दिसला तर गोंधळू नका. सी ब्रिटिश पद्धत, आपल्याकडचे सरकारी कागद तीच वापरतात. एस अमेरिकन. अर्थ एकच.

कसं ओळखायचं?

इंग्रजीनं एका शब्दात भरलेलं मराठीनं वेगवेगळ्या शब्दांत वाटून ठेवलंय. देशासाठी संरक्षण, आरोपीसाठी बचाव, दाव्यात कैफियत, जिवावर बेतल्यावर स्वसंरक्षण, शेताला कुंपण, शरीराला प्रतिकारशक्ती. म्हणून ‘डिफेन्स’ दिसला की आधी दोन प्रश्न विचारा, कोणाचा आणि कशापासून? उत्तर मिळालं की मराठी शब्द आपोआप सापडतो.

आणि ‘सेल्फ डिफेन्स’ असेल तर तिसरा प्रश्नही विचारा. धोका अजून समोर आहे का? असेल तर हात चालवा, कायदा पाठीशी आहे. टळला असेल तर फोन काढा आणि ११२ लावा.