धरण भरलंय, मग पाणी जपायचं कशाला?

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, 'धरणाच्या पाण्यापासून वीज' एवढं सांगून आपण पुढे जातो. मग वर्गातून प्रश्न येतो, "धरण भरलंय, तर भरपूर वीज आत्ताच का नाही बनवत?"

कोयनेचं उदाहरण घ्या. धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर! पण विजेसाठी पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसीच वळवता येतं, ही कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा. वर्ष मोजायचं १ जून ते ३१ मे. पोफळीकडे गेलेलं पाणी वीज देऊन वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, परत येत नाही. पूर्वेला मात्र सांगलीपर्यंतची शेती आणि नळ त्याच धरणाकडे डोळे लावून असतात. म्हणून मागणी वाढते त्या वेळी संच चालवायचे (ते काही मिनिटांत सुरू होतात), एरवी पाणी राखायचं. पाऊस कमी झाला की वीजनिर्मितीला कात्री लागते.

मी वर्गात एक बादली ठेवली, ऑक्टोबर ते मे असे आठ पेले मांडले. 'वीजवाल्या' गटाने जानेवारीतच बादली रिकामी केली. 'शेतकरी' गट असा काही चिडला की तास संपला तरी भांडण चालूच!