स्वभाव, आजार आणि घरातले बांध

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तिच्या आड खरे आजार दडून राहतात आणि त्यांची झळ घरातली माणसे वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतात.

स्वभाव कोणता, विकार कोणता?

हट्ट, संशय, रागीटपणा थोडाफार प्रत्येकात असतो. मात्र विचार करण्याची, भावना आवरण्याची आणि माणसांशी वागण्याची ताठर पद्धत तरुण वयापासूनच पक्की झाली आणि तिने घर, काम, नाती सगळीकडेच अडचण होऊ लागली, तर तो व्यक्तिमत्त्वविकार असू शकतो. अशा काहींची ‘मी कोण’ याची जाणीवच डळमळीत असते. आज जिवलग वाटणारा उद्या वैरी ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात या विकाराची सौम्य, मध्यम व तीव्र अशी प्रतवारी केली जाते. निदान मनोविकारतज्ज्ञानेच करावे. भांडणात वापरायचे ते विशेषण नव्हे. संवादातून चालणारी मानसोपचार पद्धती हा मुख्य उपचार असून त्याने अनेकांचे जगणे सुधारते.

साठीनंतर स्वभाव पालटला तर

आयुष्यभर शांत असलेले गृहस्थ अचानक संशयी किंवा शिवराळ झाले, तर ‘म्हातारपणी स्वभाव बिघडला’ असे म्हणून थांबू नये. हा बदल एक-दोन दिवसांत झाला असेल, तर लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे किंवा नव्या औषधाचा परिणाम संभवतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. काही आठवड्यांत झाला असेल, तर नैराश्याचा विचार करावा. महिनोन्‌महिने हळूहळू होत गेला असेल, तर स्मृतिभ्रंशाची शक्यता असते. त्याच्या एका प्रकारात स्मरण आरंभी शाबूत राहते, पण संकोच आणि माया ओसरते. थायरॉइड, ब जीवनसत्त्व १२ आणि श्रवणशक्ती यांची तपासणीही करून घ्यावी. ऐकू येईनासे झाले की संशय वाढतो.

स्मरण गेले तर माणसाचे काय उरते, असा प्रश्न ‘अस्तु’ या मराठी चित्रपटाने विचारला. त्यातील संस्कृत पंडिताची भूमिका स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे.

बांध कशासाठी?

आमच्या इंदुरीसह सगळ्या मावळात भातखाचराला बांध असतो. तो खाचरातले पाणी धरून ठेवतो आणि जास्तीच्या पाण्याला वाटही देतो. नात्यांतल्या मर्यादा अशाच असाव्यात.

• मर्यादा म्हणजे आपण काय करू हे सांगणे. ‘आवाज चढला तर मी ओसरीवर जाऊन बसेन, शांत झाल्यावर बोलू,’ एवढे पुरे. सांगितले ते प्रत्येक वेळी पाळावे.

• ज्येष्ठांनी दडपणाखाली सही करू नये. पेन्शनचे कार्ड आणि पासबुक स्वतःपाशी ठेवावे. ‘विचार करून सांगतो’ हेही उत्तरच आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन कोणी सांभाळत नसेल, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

• स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाकडून मर्यादा पाळल्या जाण्याची अपेक्षा ठेवू नये. वाद न घालता विषय बदलावा आणि शुश्रूषेच्या पाळ्या लावून घ्याव्यात.

• ‘जीव देईन’ हे शब्द धमकी समजून सोडू नयेत. त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. मारहाण झाल्यास ११२, तर ज्येष्ठांच्या अन्य तक्रारींसाठी १४५६७ फिरवावा.

मर्यादा घालणे म्हणजे माणूस टाकणे नव्हे. थकून मोडलेल्या हातांनी कुणाची सेवा होत नाही. म्हणून सेवा करणाऱ्यानेही आपली झोप, आपले जेवण आणि आपली तपासणी चुकवू नये.