हिवाळी रानवाटेवरील पक्षिनिरीक्षण आणि उड्डाणाचे स्वरूप : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

परभणी जिल्ह्याची ओळख काळी जमीन, ज्वारी व कापूस यांवरून होते, वनांवरून नव्हे. उत्तरेस जिंतूर तालुक्यातील अजिंठ्याच्या रांगा व दक्षिणेस गंगाखेड परिसरातील बालाघाटचे डोंगर वगळता सलग जंगल येथे जवळजवळ नाही. तथापि डोंगरउतारावरील साग व पळस, ओढ्याकाठच्या बाभळी आणि शेताच्या बांधावरील कडुनिंब यांच्या आश्रयाने पक्षिजीवन टिकून आहे. हिवाळ्यात पानगळ सुरू झाली की ते अधिक स्पष्टपणे दिसू लागते. प्रस्तुत लेखात पक्ष्यांच्या उड्डाणावरून त्यांची ओळख व अधिवास कसा जाणावा, याचे विवेचन केले आहे.

पंखांचा आकार व जीवनपद्धती

नवा निरीक्षक प्रथम रंग पाहतो. परंतु झाडीत पक्षी क्षणभरच दिसतो आणि प्रकाश त्याच्यामागे असल्यास सर्व रंग काळे भासतात. अशा वेळी उड्डाणाची ढब उपयोगी पडते. ही ढब पंखांच्या आकारावर व अन्न मिळविण्याच्या रीतीवर अवलंबून असते.

शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर, तर शेपूट लांब असते. त्यामुळे फांद्यांमधून तो झटकन वळू शकतो. सुतार काही वेळा पंख मारून ते मिटून घेतो, म्हणून त्याचा मार्ग लाटेसारखा वर-खाली होतो. वेडा राघू फांदीवरून झेप घेऊन हवेतच कीटक पकडतो आणि बहुधा त्याच जागी परततो. तित्तर व लावा पायाजवळून फडफडत उठतात, थोडे अंतर जाऊन पुन्हा गवतात उतरतात. दीर्घ उड्डाण त्यांच्या स्नायूंना झेपत नाही. कापशी घार शेतावर एकाच ठिकाणी पंख फडफडवीत स्थिर राहून उंदीर हेरते. साधी घार मात्र ऊन चढल्यावरच उंच जाते. जमीन तापून वर उठणाऱ्या उष्ण हवेवर ती पंख न हलविता घिरट्या घालते. म्हणून झाडीतील लहान पक्ष्यांसाठी सूर्योदयाची व घारींसाठी त्यानंतरची वेळ निवडावी.

हिवाळी पाहुणे

याच काळात उत्तरेकडून भोवत्या येतो. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे पंख उचलून तो पिकांवरून अगदी खालून तरंगत जातो. मध्य आशियाकडून येणाऱ्या भोरड्यांचे थवे ज्वारीच्या कणसांवर उतरतात, त्यामुळे शेतकऱ्यास गोफण हाती घ्यावी लागते. परंतु हेच पक्षी टोळ व अन्य कीटकही खातात. थव्यातील पक्षी एकाच वेळी कसे वळतात, याविषयी रोम येथे साळुंकीच्या कुळातीलच एका पक्ष्यावर अभ्यास झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात सोबत्यांकडेच लक्ष ठेवतो.

नोंदींचे महत्त्व

नीलपंख, म्हणजेच चास, तारेवर बसला असता मळकट दिसतो. उडताच त्याच्या पंखांतील गडद व फिकट निळे पट्टे उघडतात. सर्वांच्या परिचयाच्या या पक्ष्याची संख्या मोठ्या प्रमाणात घटल्याचे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालाने दाखविले. हा निष्कर्ष देशभरातील हौशी निरीक्षकांनी नोंदविलेल्या याद्यांवरून निघाला. डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. परभणी जिल्हा तेव्हा त्या संस्थानात होता. अशा जुन्या नोंदींमुळेच आजच्या स्थितीची तुलना शक्य होते. नोंद नसेल, तर पक्षी कमी झाल्याचेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

समारोप

ज्या जिल्ह्यात वन अल्प आहे, तेथे बांधावरील एकेक झाड व पडीक माळ हेच पक्ष्यांचे रान ठरते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ठरावीक वाटेवर, ठरावीक वेळी, दरमहा फेरी करून पक्ष्याचे नाव, संख्या, स्थळ व उड्डाणाची रीत वहीत नोंदवावी. त्यासाठी दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास डोळे व सातत्य पुरेसे आहे. अशी वही दहा वर्षे चालली, तर बांधावरचे कोणते झाड राखले पाहिजे हे ती पुराव्यानिशी सांगू शकेल.